निराधार अनुदानाची पात्रता कशी ठरते आणि अर्ज करण्यापूर्वी काय तपासावे

कमावता आधार नसलेल्या माणसांसाठी महाराष्ट्र शासनाच्या दोन प्रमुख योजना आहेत. १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना ही पासष्ट वर्षांखालील निराधारांसाठी आहे, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ही पासष्ट वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांसाठी आहे. दोन्हींची रक्कम जुलै २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये झाली. अनेक गावांत या मदतीला 'निराधारचा पगार' असेच म्हणतात, आणि ज्या घरात दुसरे काहीच येत नाही तेथे तिचे मोल पगाराइतकेच असते.

या योजनांसाठी अर्ज करणाऱ्यांचा आणि त्यांना मदत करणाऱ्यांचा एक समज सुरुवातीलाच दूर व्हायला हवा. आपली परिस्थिती किती बिकट आहे हे पाहून कार्यालय निर्णय घेत नाही. शासन निर्णयात काही अटी दिलेल्या असतात, प्रत्येक अटीसाठी एक कागद ठरलेला असतो आणि तो कागद बहुधा वेगळ्याच कार्यालयाकडून आणावा लागतो. अर्जातील कागद त्या अटींशी जुळतात की नाही, एवढेच छाननीत पाहिले जाते. घरात खरोखर अन्न नसलेली बाईसुद्धा एका कागदावाचून अपात्र ठरते, याचे कारण हे आहे. म्हणून 'मी गरीब आहे का' या प्रश्नाआधी 'माझे प्रकरण कोणत्या अटीवर उभे आहे आणि त्या अटीचा कागद माझ्याजवळ आहे का' हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि अर्ज त्यानंतरच भरावा.

आधी गट निश्चित करावा

संजय गांधी योजनेत केवळ उत्पन्न कमी आहे म्हणून प्रवेश मिळत नाही. अर्जदार योजनेत नमूद केलेल्या एखाद्या गटात बसावा लागतो. विधवा, घटस्फोटित, घटस्फोटाच्या प्रक्रियेतील आणि परित्यक्ता स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजाराने ग्रासलेले रुग्ण, सिकलसेलग्रस्त, अनाथ मुले, अत्याचारित स्त्रिया, वेश्याव्यवसायातून मुक्त झालेल्या स्त्रिया, देवदासी, तृतीयपंथी, पस्तीस वर्षांवरील अविवाहित निराधार स्त्री आणि तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी असे हे गट आहेत. धडधाकट पण काम न मिळणारा पन्नाशीचा पुरुष कितीही हलाखीत असला तरी यांपैकी कोणत्याही गटात बसत नाही, हे कटू असले तरी अर्जाआधीच कळलेले बरे.

एकच व्यक्ती दोन गटांत बसत असेल तर कोणत्या गटातून अर्ज करावा याचा विचार जरूर करावा, कारण त्याने रक्कमही बदलते आणि उत्पन्नाची मर्यादाही. इतर गटांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे लागते, परंतु दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. एखादी विधवा चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांग असेल आणि तिने केवळ विधवा म्हणून अर्ज केला, तर तिला कमी रक्कम आणि अधिक कडक मर्यादा असा दुहेरी तोटा होतो. पतीच्या मृत्यूचा दाखला हाताशी असतो आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढायला रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात, म्हणून सोपा रस्ता धरला जातो. या खेपा टाळू नयेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि त्यांत कमी दृष्टी, श्रवणदोष, मानसिक आजार, थॅलेसेमिया हेही येतात; जे लोक स्वतःला दिव्यांग समजत नाहीत तेही कायद्याने त्यात असू शकतात. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते, ती संपण्यापूर्वी फेरतपासणी करून घ्यावी.

प्रत्येक गटाचा एक कळीचा कागद असतो. विधवेसाठी तो पतीच्या मृत्यूचा दाखला. शेतावर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या फडावर परगावी मृत्यू झाला असेल तर नोंद गावात सापडत नाही, कारण मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथील निबंधकाकडे होते. तेव्हा आधी त्या गावाकडे चौकशी करावी. नोंद झालीच नसेल आणि एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती करता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दिला आहे, त्यामुळे आता त्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज उरलेली नाही.

सर्वांत अवघड स्थिती परित्यक्तेची असते. नवरा हयात आहे, घटस्फोट झालेला नाही, शिधापत्रिकेवर अजून दोघांची नावे आहेत आणि ती पंधरा वर्षे माहेरी राहते आहे, अशा स्त्रीकडे आपले परित्यक्ता असणे सिद्ध करणारा न्यायालयीन कागद बहुधा नसतो. तिचे प्रकरण स्थानिक चौकशीवर अवलंबून राहते, म्हणून चौकशीला येणाऱ्यांसमोर ठेवता येईल असे सगळे जमवून ठेवावे: माहेरच्या पत्त्यावरचे मतदार ओळखपत्र, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवरील पत्ता, पोटगीसाठी दावा केला असल्यास त्याचे कागद, शेजाऱ्यांचे जबाब. घटस्फोटितेला पोटगी मिळत असेल तर ती रक्कमही उत्पन्नाच्या मर्यादेत बसावी लागते.

उत्पन्नाचा दाखला

बहुतेक अर्ज येथे अडतात. २१,००० रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ज्या भागात शेतमजुरीचा दर दिवसाला ३०० रुपये आहे तेथे वर्षातून सत्तर दिवस कामाला गेलेली विधवा ही मर्यादा गाठते आणि एकाहत्तराव्या दिवशी ओलांडते. सत्तर दिवसांच्या मजुरीवर वर्षभर कोणाचे घर चालते, असा प्रश्न कोणालाही पडेल. अनुदानाची रक्कम ६०० वरून १,००० आणि १,००० वरून १,५०० झाली, पण ही मर्यादा त्या प्रमाणात हलली नाही, आणि माझ्या मते या योजनेतला सर्वांत मोठा अन्याय तोच आहे. तरीही ती बदलेपर्यंत अर्ज तिच्यातच बसवावा लागतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. नोकरदाराच्या बाबतीत पगाराची कागदपत्रे असतात; मजूर, शेतकरी आणि निराधार यांच्या बाबतीत मात्र दाखला अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकाऱ्याचा) अहवाल यांवर उभा राहतो. म्हणजे कागदावर कोणता आकडा येणार हे प्रत्यक्षात त्या चौकशीच्या वेळी ठरते. चौकशीत नावावरची जमीन, ती जिरायत की बागायत, घरातील कमावती माणसे आणि शिधापत्रिकेवरची नावे पाहिली जातात. म्हणून हे कागद वस्तुस्थितीशी जुळतात की नाही हे अर्जदाराने आधीच तपासावे. मुलगा दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याला वेगळा राहायला गेला असेल, तेथे त्याची स्वतःची चूल असेल, तर त्याचे नाव आईच्या शिधापत्रिकेवर राहण्याचे कारण नाही. ते राहिले तर त्याची कमाई आईच्या उत्पन्नात धरली जाण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे सातबाऱ्यावर मृत पतीचे नाव तसेच असेल, किंवा वारसनोंद होऊनही जमीन प्रत्यक्षात दीर कसत असतील आणि बाईला त्यातले काहीच मिळत नसेल, तर ही गोष्ट चौकशीच्या वेळी स्पष्ट सांगावी आणि जबाबात लिहून घ्यायला लावावी. तोंडी सांगितलेले अहवालात उतरतेच असे नाही.

खोटा आकडा घालण्याच्या सल्ल्याला मात्र कोणी बळी पडू नये. स्वयंघोषणापत्रावर सही किंवा अंगठा अर्जदाराचा असतो, दलालाचा नव्हे. माहिती खोटी निघाल्यास कारवाई अर्जदारावर होते. दाखल्यावर छापलेली वैधतेची मुदतही पाहावी. एका वर्षाचा दाखला बहुधा ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला घेऊन एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाला परत फिरावे लागते.

दारिद्र्यरेषेची यादी आणि पिवळी शिधापत्रिका

या दोन गोष्टी एकच आहेत असे समजून पुष्कळ लोक चुकतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी २००२ च्या सर्वेक्षणावर आधारलेली आहे. त्यात ग्रामीण कुटुंबांना तेरा निकषांवर प्रत्येकी शून्य ते चार असे एकूण ५२ पैकी गुण देण्यात आले आणि ठरावीक गुणांखालची कुटुंबे यादीत आली. शिधापत्रिकेचा रंग वेगळ्या हिशेबाने ठरतो आणि तो अन्नधान्य वितरणाच्या यंत्रणेचा विषय आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर तर प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये अशी आणखी एक वार्षिक मर्यादा आली. त्यामुळे घरात पिवळी पत्रिका असूनही नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नसू शकते आणि याच्या उलटही असू शकते.

यादीत नाव असल्यास केंद्र शासनाच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनांचे दार उघडते. वृद्धांच्या योजनेत केंद्राचा हिस्सा ८० वर्षांपर्यंत २०० रुपये आणि त्यानंतर ५०० रुपये आहे. चाळीस वर्षांवरील विधवांसाठी आणि ऐंशी टक्के किंवा अधिक दिव्यांगांसाठी तो ३०० रुपये आहे. उरलेली रक्कम राज्य घालते, म्हणून लाभार्थ्याच्या हातात पडणारा आकडा सारखाच राहतो. यादीत नाव नसेल तर अर्ज थांबत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. श्रावणबाळ योजनेत अशा वृद्धांसाठी वेगळा गट आहे आणि तेथे २१,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाचा दाखला चालतो. 'यादीत नाव नाही, तुमचे होणार नाही' असे सांगून कोणी परत पाठवले तर त्या गटाचा उल्लेख करावा. यादीत नाव असेल तर ग्रामपंचायतीकडून त्याचा साक्षांकित उतारा घ्यावा. तो असला की उत्पन्नाची अट सिद्ध करणे सोपे जाते.

याच यादीवर आधारलेली राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनाही आहे. घरातील १८ ते ५९ वर्षे वयाच्या कमावत्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये मिळतात. मृत्यूचे कारण नैसर्गिक असो वा अपघाती, ही मदत लागू होते. विधवेचा मासिक अनुदानाचा अर्ज भरताना तिची चौकशी बरोबरीने करावी.

वय, रहिवास आणि नावे

रहिवासाची अट किमान पंधरा वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य अशी आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेल्यांना ती जाचत नाही, पण सीमेपलीकडून, म्हणजे कर्नाटक, तेलंगण किंवा मध्य प्रदेशातून लग्न होऊन आलेल्या आणि लवकर विधवा झालेल्या स्त्रियांना तिचा पुरावा द्यावा लागतो.

वयासाठी जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा, आणि यांपैकी काहीच नसल्यास शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखला घेतला जातो. जुन्या पिढीतील अनेकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख अंदाजाने, बहुतेकदा १ जानेवारी अशी, पडलेली आहे आणि ती मतदार यादीतील वयाशी जुळत नाही. अशा वेळी आधी कोणता पुरावा भक्कम आहे ते ठरवावे, इतर कागद त्याप्रमाणे दुरुस्त करावेत आणि अर्ज त्यानंतर करावा. नावांचेही तसेच. माहेरचे नाव, सासरचे नाव, पासबुकातील संक्षिप्त नाव आणि पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावरील टोपणनाव यांतील तफावत छाननीत अर्ज बाजूला पडायला पुरेशी ठरते.

लाडकी बहीण आणि निराधार अनुदान

जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेनंतर हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. तिची पात्रता अगदी वेगळ्या रीतीने ठरते. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, कुटुंबात कोणी आयकरदाता नसणे, ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन नसणे, अशा तिच्या अटी आहेत. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याची सक्ती नाही, आणि अधिवास प्रमाणपत्राऐवजी पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. तेथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. सासू-सासरे किंवा दीर यांचे उत्पन्न त्यात येत नाही.

मात्र शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक मिळत असतील तर लाडकी बहीणचा लाभ मिळत नाही. संजय गांधी योजनेची रक्कम नेमकी १,५०० असल्याने एकाच स्त्रीला दोन्ही मिळू शकत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपात्र ठरवण्यात आलेल्या सुमारे पाच लाख स्त्रियांपैकी २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या लाभार्थी होत्या. रक्कम कमी असेल तर फरक दिला जातो: केंद्र आणि राज्य यांच्या शेतकरी सन्मान निधींतून वर्षाला प्रत्येकी ६,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये मिळणाऱ्या स्त्रीला लाडकी बहीणचे ५०० रुपये मिळतात.

दोन्हींतून एक निवडायचे झाल्यास, दिव्यांग स्त्रीने संजय गांधी योजनेतच राहावे, कारण तेथे रक्कम अधिक आहे. विधवेसाठी रक्कम आज सारखी असली तरी मी निराधार अनुदानाकडेच बोट दाखवीन. पासष्टाव्या वर्षी लाडकी बहीण संपते. संजय गांधी योजनेचा लाभार्थी मात्र त्या वयात श्रावणबाळ योजनेकडे वर्ग होतो.

अर्जाचा प्रवास

अर्ज सेतू केंद्रातून, आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत करता येतो. पोच पावती घेतल्याशिवाय तेथून हलू नये, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर आणि तारखेवर चालतो. योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची असली तरी छाननी आणि चौकशी महसूल यंत्रणा करते. त्यानंतर प्रकरण तालुकास्तरीय समितीपुढे जाते. या समितीत अशासकीय अध्यक्ष आणि सदस्य असतात, आणि बैठक झाल्याशिवाय मंजुरी होत नाही. अर्ज पूर्ण असूनही महिनोन्‌महिने उत्तर येत नसेल, तर त्रुटी आहे की बैठकच झालेली नाही हे आधी विचारून घ्यावे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात कागद द्यायचा असतो, दुसऱ्यात बैठकीची मागणी लेखी करायची असते.

उत्तर नकारार्थी आले तर कारण लेखी मागावे. 'अपात्र' एवढाच शेरा पुरेसा मानू नये. कोणती अट, कोणत्या कागदावरून पूर्ण झाली नाही हे कळले तरच दुरुस्ती करता येते. कारण सांगितले जात नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली आपल्या प्रकरणातील चौकशी अहवालाची आणि समितीच्या इतिवृत्ताची प्रत मागता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ आहे, आणि माहिती तीस दिवसांत द्यावी लागते. मुळात उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखलाच अडला असेल तर मार्ग निराळा आहे: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत देणे किंवा ते नाकारण्याचे कारण लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि तसे न झाल्यास त्याच विभागातील वरिष्ठांकडे प्रथम व द्वितीय अपील आणि त्यानंतर आयोगाकडे अपील करता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तेथेही रखडलेले प्रकरण मांडता येते.

मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. एकापेक्षा अधिक खाती असतील तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते; 'पगार आला नाही' अशी तक्रार करण्यापूर्वी ते खाते कोणते हे बँकेत विचारून घ्यावे. दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात लाभार्थ्याने हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो न दिल्यास अनुदान थांबते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या बाबतीत घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी जानेवारीतच तलाठ्यांना किंवा बँकेला तसे कळवावे आणि कळवल्याची नोंद स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे मार्चअखेरच्या गर्दीत तो दाखला राहून जाणार नाही.